तिरकी फरशी

मेट्रनबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, याबद्दल हॉस्पिटलात कुणाचंही दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की मग बाई लंगडतात का?

बरं, सगळीकडे लंगडल्या असत्या तर एक वेळ समजण्यासारखं होतं. घरात त्या सरळ चालत. व्यायामाच्या खोलीत गाद्या अंथरलेल्या असल्यामुळे पायातलं दाराबाहेर काढून जावं लागे, तिथेही सरळ चालत. इतक्या सरळ, की हाडांचे डॉक्टर बाकीच्या रुग्णांना मुद्दाम बोलावून दाखवत, बघा, खुब्याचा सांधा बदलला की माणूस असा चालतो. पण त्याच बाई पांढरे बूट चढवून तळमजल्याच्या लांबलचक व्हरांड्यात आल्या, की एका पावलाला वर उचलल्या जात, दुसऱ्या पावलाला उजवीकडे खाली जात, आणि त्या टोकाला पोचेपर्यंत बघणाऱ्याचीच मान अवघडून जाई.

हाडांच्या डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढले. उभं करून काढले, झोपवून काढले. सांधा जिथे बसवला होता तिथेच मजेत बसलेला होता.

"बाई, तुमचा डावा पाय थोडा आखूड होता, तोही मी जाता जाता उजव्याएवढा करून दिलाय," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पाय आता अगदी सारखे आहेत."

"ते आधीही सारखेच होते."

"नाही, फरक होता."

"डॉक्टर, माझे पाय मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं बघतेय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. रुग्ण रुसला तरी चालतं, पण मेट्रन रुसली तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी हवी ती कात्री हातात येत नाही, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

आणि बाईंचंही त्यांच्या परीनं खरंच होतं. आयुष्यात त्यांना अभिमान कशाचा असेल तर आपल्या चालण्याचा. खुबा झिजून रात्रंदिवस ठणकायला लागला, तेव्हाही त्या दातओठ खात चालल्या, पण ताठ चालल्या. सकाळच्या फेरीला त्या निघाल्या की नर्सेस घाईघाईनं केस टोपीत कोंबत, वॉर्डबॉय उगाचच काहीतरी उचलून कुठेतरी ठेवत, आणि ज्यांना बरं वाटत नसे तेही रुग्ण उठून बसून बरं असल्यासारखं दाखवत. ती फेरी हा बाईंचा प्राण होता. ऑपरेशन करून घ्यायलाही त्या तयार झाल्या, त्या केवळ फेरी सुटू नये म्हणून.

आता तीच फेरी जायची वेळ आली होती. हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी एका सकाळी बाईंना बोलावून घेतलं. हे अधीक्षक तरुणपणी याच हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर म्हणून आले होते आणि इंजेक्शनची सुई कशी धरायची हे त्यांना बाईंनी शिकवलं होतं. त्यामुळे बाई समोर बसल्या की त्यांना अजून आपली सुई चुकतेय असं वाटे.

पाच-दहा मिनिटं हवापाण्याबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी विषय काढला. पायाला विश्रांती हवी, फेरी म्हणजे दगदग, तर बाईंनी काही दिवस चादरींच्या खोलीचं काम बघितलं तर?

चादरींची खोली म्हणजे व्हरांड्याच्या पार टोकाची बिनखिडकीची खोली. चारी बाजूंना फळ्या, फळ्यांवर चादरी, मधे एक खुर्ची. धुऊन आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. तिथे 'काही दिवस' म्हणून बसलेला माणूस पुढे थेट स्वतःच्या निरोपसमारंभालाच बाहेर आलेला लोकांनी पाहिला होता.

"मी लंगडत नाही," बाई म्हणाल्या. "तुमची फरशी तिरकी आहे."

अधीक्षकांनी फरशीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं, जसं एके काळी सुईबद्दल सांगितलं होतं. घरात मी सरळ चालते. व्यायामाच्या खोलीत सरळ चालते. फक्त तुमच्या व्हरांड्यात आले की झोक जातो. मग दोष माझा की व्हरांड्याचा?

"पण बाई, रस्त्यावरसुद्धा तुम्ही जरा..."

"रस्ते कुठे सरळ असतात?"

रस्त्यांची बाजू घेऊन भांडणं कुणालाही जड गेलं असतं.

आता खरी भानगड काय होती ते सांगून टाकायला हवं. ती जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस मूग गिळून बसला होता. शिवाय त्याला जे ठाऊक होतं तेही अर्धवटच होतं.

तो माणूस म्हणजे बाईंचे यजमान. बाजारात त्यांचं हातानं बूट बनवायचं छोटं दुकान होतं आणि सगळे त्यांना बूटवाले म्हणत. पुष्कळ वर्षांपूर्वी एक नवीनच नोकरीला लागलेली नर्स त्यांच्या दुकानात ताठ मानेनं शिरली आणि तिनं जाहीर केलं, की या शहरात एकाही माणसाला बूट बनवता येत नाहीत, कुणाचेही घाला, संध्याकाळी पाठ धरते. बूटवाल्यांनी तिच्या पायांची मापं घेतली. डावा पाय आखूड होता. त्यांनी वर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं, आणि "बनवून देतो" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी डाव्या बुटात टाचेखाली पातळ चामड्याचे थर बसवले आणि वरून असं सफाईदार अस्तर लावलं, की कुणाच्या बापाला पत्ता लागू नये. नर्सनं बूट घातले, दुकानात एक चक्कर मारली आणि म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच बूट बनवता येतात." वर्षाच्या आत लग्न झालं. "मी माणूस बघितलाच नाही, बूट बघितले," असं बाई पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगत आल्या, आणि त्या वेळी बूटवाले खाली मान घालून हसत.

तेव्हापासून बाईंनी दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही. वय वाढलं, खुबा झिजला, पाय आणखी आखूड झाला. चालीत जरा फरक दिसला, की बाई आंघोळीला गेल्याची संधी साधून बूटवाले डाव्या बुटात आणखी एक थर घालून ठेवत. चाल पुन्हा सरळ. घरात अनवाणी असताना त्या थोड्या कलत, पण कामावरून दमून आल्यावर सगळेच कलतात, असं बाईंचं मत होतं. बूटवाल्यांचा हा उपाय इतक्या वर्षांत एकदाही फसला नव्हता. बायको लंगडली की डाव्या बुटाला थर, हे त्यांच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं पक्कं बसलं होतं.

ऑपरेशननं पाय सारखे झाले असतील, ही शंकाच त्यांना आली नाही. त्यांचा हिशोब साधा होता. सांधा बदलला, पाय नाही. बुटाची टाच बदलली म्हणून बूट एक नंबर मोठा होतो का? डॉक्टर बाईंशी काय बोलले ते बाईंनी घरी सांगितलं नाही, कारण बाईंच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्यामुळे बाई घरातून बूट घालून निघाल्या आणि फाटकापर्यंत जाताना लंगडल्या, तेव्हा बूटवाल्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी त्यांनी थर घातला.

दुसऱ्या दिवशी बाई जास्त लंगडल्या. बूटवाल्यांनी विचार केला, नवीन सांधा आहे, नव्या टाचेसारखा दबत असणार. त्यांनी आणखी एक थर घातला.

"अहो, बुटांना काही केलंत का?" बाईंनी विचारलं.

"पॉलिश."

इकडे हॉस्पिटलात इमारतीची देखभाल करणाऱ्या ओव्हरसियरला पाचारण झालं. तो पाणसळ घेऊन आला. ती व्हरांड्यात ठेवून, ओणवा होऊन, काचेतला बुडबुडा कुठे थांबतो ते त्यानं प्रामाणिकपणे पाहिलं. त्याचा हाच प्रामाणिकपणा नंतर सगळ्यांच्या अंगाशी आला.

"उतार आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण तो मुद्दाम ठेवलेला असतो. फरशी धुतली की पाणी मोरीकडे जावं म्हणून. माणसाला तो कळतसुद्धा नाही."

"मला कळतो."

"बाई, तो लांबीत आहे, आडवा नाही. त्यानं माणूस फार तर जरा लवकर पोचेल. कलणार नाही."

"आहे की नाही, एवढंच सांगा."

ओव्हरसियरनं एकदा अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षक खिडकीबाहेर बघत होते. "आहे," तो म्हणाला.

"मग सपाट करा."

अधीक्षकांनी मनातल्या मनात दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. एका बाजूला मेट्रनबाईंना चादरींच्या खोलीत बसवणं, दुसऱ्या बाजूला अख्खा व्हरांडा उखडणं. व्हरांडा त्यांना सोपा वाटला.

पुढचे काही दिवस हॉस्पिटलात जे चाललं होतं त्याचं वर्णन न केलेलं बरं. स्ट्रेचर स्वयंपाकघरातून वळसा घालून जाऊ लागले. पाय मोडलेल्या एका गृहस्थांना एक्स-रेसाठी नेताना भाजी चिरणाऱ्या बायकांनी थांबवून त्यांची सगळी हकिगत ऐकून घेतली. धुळीनं खोकणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की खोकल्याच्या डॉक्टरांना भेटायला हाडांचे रुग्ण रांगेत उभे राहिले. आणि या सगळ्यातून बाई लंगडत लंगडत, पण ठाम पावलांनी, कामाची पाहणी करत फिरत होत्या. उखडलेल्या जमिनीवर त्यांचं लंगडणं अर्थातच कुणाला वावगं वाटलं नाही. तिथे सगळेच लंगडत होते.

ओव्हरसियरनं मात्र आपली बाजू राखून ठेवली. तो अधीक्षकांच्या खोलीत जाऊन स्पष्ट बोलला, की फरशी सपाट झाल्यावरही बाई लंगडल्या तर ते खापर माझ्या डोक्यावर फोडू नका. उद्या छत तिरकं आहे म्हणाल्या तर मी काय करू? अधीक्षकांनाही ते पटलं. एवढा खर्च केल्यावर काहीतरी शेवट लागायला हवा होता. त्यांनी धीर एकवटून बाईंना सांगितलं, की सिमेंट वाळलं की तुम्ही आमच्यासमोर या व्हरांड्यात एकदा चालून दाखवायचं. मी असेन, हाडांचे डॉक्टर असतील, ओव्हरसियर असेल. सरळ चाललात तर त्या क्षणापासून फेरी तुमची, कुणी तोंडातून शब्द काढणार नाही. नाहीतर चादरींची खोली, आणि ती मग निवृत्तीपर्यंत.

"चालेल," बाई म्हणाल्या. "आणि मी चालेनच."

पण आदल्या संध्याकाळी घरी त्यांचा आवाज जरा खाली आला. जेवणं झाली होती. बाई अनवाणी पायांनी टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून टेबलापर्यंत चालून बघत होत्या.

"अहो, खरं सांगा. मी लंगडते का हो?"

इतक्या वर्षांत बाईंनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता. "मुळीच नाही," ते म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, पण ते त्यांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या बुटांवर खिळली होती. या बाईला चादरी मोजायला बसवतात म्हणजे काय, असा त्यांच्या डोक्यात संताप उठला होता. त्यांनी त्या दिवसासाठी पांढऱ्या चामड्याचा खास नवा जोड बनवायला घेतलाच होता. सकाळी बाई उठायच्या आत दुकान गाठून त्यांनी तो पुरा केला, आणि डाव्या बुटात आजवरचा सगळ्यात जाड थर घातला. काम इतकं देखणं झालं, की ते स्वतःवरच खूश झाले.

बूट पिशवीत घालून ते हॉस्पिटलात पोचले, तर व्हरांड्याच्या तोंडाशी गर्दी. अधीक्षक होते, हाडांचे डॉक्टर होते, ओव्हरसियर होता, आणि काम नसलेल्या आणि असलेल्या सगळ्या नर्सेस दारादारांतून डोकावत होत्या. आणि समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, व्हरांडाभर पाणी.

झालं होतं ते सरळ होतं. रोजच्यासारखी सकाळी फरशी धुतली होती. उतार होता तेव्हा पाणी आपोआप मोरीकडे जाई. आता त्याला कुठे जावं हेच कळेना. सफाईवाल्यांनी झाडूनं इकडून लोटलं की ते तिकडे जाई, तिकडून लोटलं की शांतपणे परत येई.

"सपाट म्हणालात, सपाट केली," ओव्हरसियर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसत होतं.

अधीक्षकांनी परीक्षा पुढे ढकलू या असं सुचवून पाहिलं. बाईंनी साफ नकार दिला. आज म्हणजे आज. मग काय करतात, अधीक्षकांनी बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. पाठोपाठ डॉक्टर उतरले. पिशवीतून काढलेले नवे बूट घालायला बाई वाकल्या, तेवढ्यात बूटवाल्यांनी ते झटकन उचलून छातीशी धरले.

"पाण्यात नाही. नवीन चामडं आहे."

"अहो, मला चालून दाखवायचंय."

"बाहेर आल्यावर घाल. माझा बूट मी असा भिजू देणार नाही."

बूटवाले आयुष्यात फारसं आडवं बोलत नसत, पण चामड्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. बाईंनी एक निःश्वास सोडला, साडी जरा वर खोचली आणि अनवाणी पाण्यात पाऊल टाकलं.

आणि त्या चालल्या. पहिलं पाऊल सरळ, दुसरं सरळ, तिसरं सरळ. खांदे एका पातळीत, मान ताठ, पाण्यावर फक्त एक बारीक चुबुक चुबुक. दारातल्या नर्सेसनी श्वास रोखून धरला होता, तो मध्यावर सुटला आणि टाळ्या सुरू झाल्या. वॉर्डातले रुग्ण काय झालं ते न कळता सवयीनं उठून बसले. बाई टोकाशी पोचल्या, जिन्याजवळच्या कोरड्या दगडी फरशीवर चढल्या, तिथेही चार पावलं चालल्या आणि वळून उभ्या राहिल्या.

"पाहिलंत? फरशी सरळ झाली, मी सरळ झाले."

सगळ्यांनाच आनंद झाला. डॉक्टर म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो, सांधा उत्तम आहे. ओव्हरसियरला ही गोष्ट पटण्यासारखी नव्हती, पण कौतुक त्याच्याच फरशीचं चाललं होतं म्हणून तो गप्प राहिला. अधीक्षक तर इतके हलके झाले, की त्यांनी पाण्यात उभ्या उभ्या फेरी बाईंना बहाल केली, आत्ता या क्षणापासून, आणि त्या उत्साहात वरच्या सगळ्या मजल्यांच्या फरश्याही सपाट करायचा हुकूम देऊन टाकला. ओव्हरसियरनं कपाळाला हात लावला.

एकटे बूटवाले हसत नव्हते. त्यांची नजर त्या कोरड्या दगडावर उमटलेल्या ओल्या पावलांवर होती. पावलं वाचणं हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. डाव्या टाचेचा ठसा आणि उजव्या टाचेचा ठसा सारखेच भरीव उमटले होते. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग छातीशी धरलेल्या बुटाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणा ते बूट," बाई पलीकडून म्हणाल्या. "फेरीला निघते."

सगळं हॉस्पिटल बघत होतं. हे बूट घालून बाई निघाल्या असत्या तर पहिल्या चार पावलांतच फरशीचं बिंग फुटलं असतं, फेरी गेली असती, आणि तीही कायमची. बूटवाले पाण्यातून छपछप करत पलीकडे गेले, "एक टाका राहिलाय, आलोच," असं पुटपुटले आणि समोर दिसलेल्या पहिल्या दारातून आत घुसले. ती चादरींची खोली होती.

बाई मिनिटभर थांबल्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बूटवाले चादरींच्या गठ्ठ्यावर बसले होते. मांडीवर डावा बूट, हातात रापी. चामडं कापायची ही धारदार सुरी त्यांच्या खिशात कायम असे, जसं दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं. अस्तर उचकटलेलं होतं, आणि आजूबाजूला चामड्याचे थर पडले होते.

"धुतलेल्या चादरी आहेत त्या," बाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून आधी तेवढंच आलं. मग त्यांनी एक थर उचलला. दुसरा उचलला. एकावर एक ठेवून पाहिले. आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. त्या मेट्रन होत्या, त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या जोडापासून."

"म्हणजे डॉक्टर खरं सांगत होते. माझा पाय आखूड होता."

"होता. आता नाहीये, हे मला आज कळलं. मी आपला वाढवत गेलो. तुला लंगडायला मीच लावलं."

बाई खोलीतल्या त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसल्या. त्यांना राग आला होता, भयंकर राग आला होता. पण त्याहून जास्त त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं. अख्ख्या जगाला त्या आपली चाल दाखवत आल्या होत्या.

"ती चाल माझी नव्हतीच मग," त्या म्हणाल्या.

"तुझीच होती. थर मी लावले. पण पाय ठणकत असताना रोज सकाळी उठून चालत कोण होतं? मी नव्हतो."

"सांगायचं तरी."

बूटवाले थोडा वेळ रापीच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. "दुकानात आलीस ती इतकी ताठ आलीस. म्हटलं, काय वाटेल ते होवो, आपल्यामुळे हिची मान खाली जायला नको. मग लग्न झालं. मग सांगायचं राहूनच गेलं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी जवळच्या चादरीला पुसलं, आणि ती चादर पुन्हा धुवायच्या गठ्ठ्यात टाकली.

"हात उचला जरा," त्या म्हणाल्या. "फेरीला उशीर होतोय."

बूटवाल्यांनी उरलेले थर सोलून काढले, तळ सारखा केला, अस्तर दाबून बसवलं. बाईंनी बूट घातले, दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून उभ्या राहिल्या, आणि दार उघडून बाहेर पडल्या. बुटांसकट सरळ. बाहेर अधीक्षक अजून पँट दुमडलेल्या अवस्थेत उभे होते.

"वरच्या फरश्या राहू द्या," बाईंनी त्यांना सांगितलं. "आणि इथेही पहिल्यासारखा उतार करून घ्या."

"पण बाई, तुम्हीच तर..."

"थोडा उतार असावा. पाणी जायला बरा."

का, कसं, हे विचारायची अधीक्षकांची टाप नव्हती. ओव्हरसियरनं आयुष्यात पहिल्यांदा बाईंकडे प्रेमानं पाहिलं.

फेरी पहिल्या मजल्यावरून सुरू व्हायची होती. बूटवाल्यांना आपलं काम चालताना पाहायचं होतं, म्हणून ते जिन्यावरून बाईंबरोबर वरपर्यंत गेले. वर लांब, कोरडा, रिकामा व्हरांडा होता. बाई नेहमी यजमानांच्या उजव्या बाजूनं चालत. आज त्या मधेच थांबल्या, मागून वळसा घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला आल्या, आणि चालता चालता अगदी हलक्या आवाजात बोलू लागल्या.

"अहो, तुमच्या या कानाला ऐकू येत नाही. कित्येक वर्षं झाली. मी नर्स आहे, मला आधीच कळलं. पण तुम्ही दुकानात बुटाचा तळ ठोकून, नुसत्या आवाजावरून कुठे कच्चा आहे ते गिऱ्हाइकांना सांगता, आणि त्यांचे चेहरे बघून तुम्हाला किती आनंद होतो. म्हणून मी कायम उजवीकडून चालते. जेवायलाही उजवीकडेच बसते. सांगायचं राहूनच गेलं."

बूटवाले खाली बघत चालले होते. डावा बूट, उजवा बूट, डावा बूट. दोन्ही सारखे पडत होते. थोड्या वेळानं बाईंचे ओठ हलल्यासारखे वाटून त्यांनी वर पाहिलं.

"काही म्हणालीस का?"

बाई वळसा घालून पुन्हा त्यांच्या उजव्या बाजूला आल्या.

"म्हटलं, बूट छान झालेत."

"ते होणारच," बूटवाले म्हणाले.